टेकडाउन रायफल: दर जोडणीला झिरो का सरकतो?

तक्रार एकच, आणि ती दर हंगामात नव्याने येते. रायफल रेंजवर ५० यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी पडण्याची जागा जुळवलेली, पाचही गोळ्या तीन सेंटीमीटरच्या आत. मग ती दोन भागांत सोडवून सॅकमध्ये घातली, दिवसभर चढून वर नेली, मुक्कामावर जोडली, आणि पहिलाच ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) चार-पाच सेंटीमीटर खाली. स्कोपचे टरेट (नेम सरकवण्याच्या चकत्या) फिरवले, नेम जुळला. पुढच्या मुक्कामी पुन्हा सोडली-जोडली, तर आता गोळ्या वर. ग्राउस या रानपक्ष्याचं किंवा सशाचं डोकं म्हणजे जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचं लक्ष्य. तिथे पाच सेंटीमीटर चुकलं की एकतर मांस फुकट जातं, नाहीतर जनावर जखमी होऊन निसटतं, आणि हे दुसरं जास्त वाईट.

सर्वांत आधी एक करा: टरेटला हात लावू नका. झिरो कशामुळे सरकला ते कळण्याआधी टरेट फिरवले तर मूळ संदर्भच हरवतो आणि मग खरा दोष शोधायला आणखी पन्नास काडतुसं जातात.

इथे मुख्य उदाहरण रुगर १०/२२ टेकडाउनचं घेतलं आहे. २०१२ मध्ये आलेली ही .२२ एलआर अर्धस्वयंचलित रायफल साधारण २.१ किलोची आहे, आणि अमेरिकेत डोंगररानात छोट्या शिकारीसाठी सॅकमध्ये बांधून नेणारे पुष्कळ जण हीच नेतात. बाकीच्या बनावटींचं शेवटी थोडक्यात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही. हे लिखाण अमेरिकेत राहणाऱ्या, परवाना काढून शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी कायदा नीट पाहा. अशा व्हिसाधारकाला बंदूक बाळगायला संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक.

मुळात सरकतं काय

स्कोप रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर असलेल्या मागच्या भागावर, बसलेला असतो आणि नळी दुसऱ्या भागावर. दोघांमध्ये सांधा. स्कोप जिथे बघतो आणि नळी जिथे रोखलेली असते त्यांचं नातं तो सांधाच ठरवतो, आणि दर जोडणीला ते नातं नव्याने जुळतं.

किती मोकळीक किती महागात पडते ते बघा. सांध्याच्या बैठकीची लांबी २५ मिलिमीटर धरली आणि तिच्या एका टोकाला ०.०२५ मिलिमीटर फट राहिली, तर नळी हजारात एक या प्रमाणात कलते. ५० यार्ड म्हणजे ४५.७ मीटर, तिथे हा कल ४.६ सेंटीमीटर होतो. १०० यार्डांवर ९ सेंटीमीटरच्या वर. पाव मिलिमीटरचाही दहावा हिस्सा! काजळीचा एक पापुद्रा किंवा वाळूचा बारीक कण पुरतो.

याच रायफलीची कारखान्यातून आलेली लोखंडी साइट मात्र जोडणीने हलत नाही, कारण पुढची आणि मागची दोन्ही साइट नळीवरच आहेत. सांधा थोडा कलला तरी साइट आणि नळी एकत्रच कलतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, निदानालाही कामाची आणि उपायालाही.

दोष सांध्यातच आहे का?

अनेकदा नसतो. म्हणून २५ काडतुसांची एक चाचणी, सगळी एकाच लॉटची. कागदावर पाच ठिपके काढा, अंतर ५० यार्ड, टेका तोच, टेक्याची जागा तीच. नळी ताजी साफ केलेली असेल तर आधी दहा-पंधरा गोळ्या झाडून घ्या; .२२ च्या शिशावरचं मेण नळीत सारखं पसरेपर्यंत ग्रुप भटकतोच.

पहिल्या दोन ठिपक्यांवर पाच-पाच गोळ्या, मध्ये रायफल अजिबात न सोडता. पुढच्या तिन्ही ठिपक्यांआधी दर वेळी रायफल पूर्ण सोडून पुन्हा जोडायची आणि पाच गोळ्या.

मग कागद वाचा. पहिले दोन ग्रुपच एकमेकांपासून लांब पडले, तर सांध्याला दोष देऊ नका. स्कोपचा माउंट, टेका किंवा काडतूस बघा. पहिले दोन जुळले आणि पुढचे तीन घट्ट असूनही तीन वेगळ्या जागी गेले, तर सांधाच. पुढचे तिन्ही एकमेकांशी जुळले, फक्त पहिल्या दोघांपेक्षा वेगळे पडले, तर ही खरं म्हणजे आनंदाची बातमी: सांधा दर वेळी एकसारखा बसतो आहे, पहिली जोडणी तेवढी अर्धवट होती. आता नव्या जागेवर झिरो करा आणि विषय संपला. ग्रुपच पसरून सहा-सात सेंटीमीटरचा झाला असेल तर गोळी सुटताना काहीतरी हलतंय. प्रत्येक गोळी एकाच दिशेने थोडी-थोडी सरकत गेली तर काहीतरी हळूहळू सुटतंय.

एक सावधगिरी. तीन सेंटीमीटरचा ग्रुप देणाऱ्या रायफलीत पाच गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य आपोआपच थोडा इकडेतिकडे होतो. दोन ग्रुपांच्या मध्यांत आडवा किंवा उभा सव्वा सेंटीमीटरपर्यंतचा फरक हा निव्वळ योगायोग असू शकतो. तेवढ्यासाठी रायफल उघडत बसू नका.

सांधा: आधी स्वच्छता, मग रिंग

बहुतेक जण थेट समायोजनाच्या रिंगकडे, म्हणजे सांधा किती घट्ट बसावा हे ठरवणाऱ्या नळीवरच्या रिंगकडे, वळतात. घाणेरड्या सांध्यावर रिंग आवळली तर ती घाणीवर आवळली जाते. दोन दिवसांनी घाण दबली की पुन्हा सैल.

मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्याने आणि करंगळीने तपासा, मग नळी सोडा. नळीचा रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा आणि रिंग जिथे भेटतात तो आतला कोपरा बघा. .२२ ची काजळी आणि मेण यांचा करडा, चिकट लगदा नेमका तिथे साचतो आणि नुसत्या फडक्याने निघत नाही. जुना टूथब्रश, सॉल्व्हंट आणि लाकडी टूथपिक घ्या. लोखंडी टोचा नको, ओरखडा पडला तर तोच नवा उंचवटा होतो. रिसीव्हरच्या तोंडाचा सपाट भाग आणि आतल्या खाचा कापसाच्या काडीने, काडी पांढरी निघेपर्यंत. शेवटी सगळं कोरडं करून तेलाचा एकच थेंब दांड्यावर फडक्याने पुसून पसरा. ग्रीस नको. थंडीत ते घट्ट होतं, आणि सॅकमधली माती त्यात अडकते.

आता मार्करची चाचणी. नळीच्या खांद्याच्या सपाट कड्यावर काळ्या मार्करने पूर्ण गोल रंगवा, वाळू द्या, रायफल जोडा, लॉक करा, पुन्हा सोडा. घासल्यामुळे शाई कुठे उडाली ते उजेडात धरून बघा. सगळीकडे सारखी उडाली असेल तर बैठक चांगली. एकाच बाजूला चंद्रकोरीएवढी जागा चमकत असेल आणि उरलेला कडा काळाच असेल, तर नळी त्या एका जागेवर टेकून कलते आहे. तिथे कण, बर्र (धातूचा बारीक उंचवटा) किंवा ओरखड्याची उचललेली कड सापडते का ते नखाने चाचपा. कानशीने मात्र घासू नका. पाव मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचं काम कानशीने होत नाही.

सांधा स्वच्छ झाला की रिंग:

१. नळी सुटी असताना रिंग पूर्ण सैल करा.
२. बोल्ट मागे अडकलेलाच ठेवून नळी सरळ आत घाला, फिरवा, लॉकचा खटका ऐकू येऊ द्या.
३. जोडलेल्या अवस्थेतच रिंग बोटांनी जाईल तितकी घट्ट करा. पक्कड नको.
४. रिंग न हलवता नळी सोडा आणि परत जोडा. फिरवण्याच्या शेवटच्या टप्प्यात हाताला ठाम जोर लागला पाहिजे. लोण्यासारखी फिरली तर नळी काढून रिंग आणखी एक टिक घट्ट करा आणि पुन्हा बघा.
५. एका हाताने रिसीव्हर, दुसऱ्याने नळीचं पुढचं टोक धरून वर-खाली आणि डावी-उजवी हलवा. दुसऱ्या कुणाला सांध्यावर बोटाचं टोक ठेवायला सांगा. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते.

बोल्ट बंद ठेवून नळी फिरवण्याचा उतावळेपणा पुष्कळ जण करतात. एक्स्ट्रॅक्टरचं, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचं, टोक नळीच्या मागच्या खाचेत बसलेलं असतं. त्याच अवस्थेत नळी फिरली तर ते टोक खाचेच्या कडेवर आपटतं, कधी टवका उडतो, आणि मग रिकामी पुंगळी चेंबरमध्ये अडकण्याची वेगळी तक्रार सुरू होते.

उलट चूक म्हणजे रिंग फार आवळणं. मग नळी पूर्ण फिरतच नाही आणि लॉक लागल्यासारखा वाटतो पण लागलेला नसतो. खटका झाल्यावर नळी उलट्या दिशेने फिरवून बघायची सवय ठेवा. जरा जरी फिरली तरी लॉक नाही. अशा रायफलीतून गोळी झाडायची नाही. बोल्ट आणि नळीमधलं अंतर वाढलेलं असेल तर काडतुसाची कड फुटून गरम वायू मागे येतो.

नवी रायफल असेल तर पहिल्या काही डझन जोडण्यांत घासणारे पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात आणि सुरुवातीला बरोबर लावलेली रिंग सैल पडते. म्हणून घरी बसून पंधरा-वीस वेळा सोडा-जोडा करा, रिंग पुन्हा लावा, आणि त्यानंतरच रेंजवर जाऊन झिरो करा. रिंग आणि तिच्या शेजारच्या भागावर मिळून एक आडवी रेघ नेलपॉलिशने ओढून ठेवा. सॅकमध्ये कपड्यांना घासून रिंग एखादी टिक फिरते, आणि ते रेघेशिवाय कळत नाही.

जोडण्याची पद्धतही दर वेळी एकच हवी. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, कुंदा मांडीवर, नळी तिरकी न करता सरळ आत, एका दमात पूर्ण फेरा, खटका, उलट ओढून खात्री. कधी उभ्याने, कधी गुडघ्यावर, कधी हातमोजे घालून जोडलं की शेवटचा जोर वेगळा पडतो.

स्कोपचा माउंट

चाचणीत पहिले दोन ग्रुपच जुळले नसतील तर इथून सुरुवात. १०/२२ चा रिसीव्हर ॲल्युमिनियम मिश्रधातूचा आहे आणि बेसचे, म्हणजे स्कोपखालच्या रिसीव्हरवरच्या पट्टीचे, स्क्रू बारीक. अंदाजाने आवळले तर एकतर सैल राहतात नाहीतर आटे जातात. टॉर्क ड्रायव्हर घ्या; बेसच्या स्क्रूंना १५ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.७ न्यूटन-मीटर. स्कोप धरणाऱ्या रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड. या रिंगा बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. आवळण्याआधी स्क्रू आणि भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलमुक्त करा, बेसच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा अगदी छोटा ठिपका लावा आणि रात्रभर सुकू द्या. लाल थ्रेडलॉकर नको. तो गरम केल्याशिवाय सुटत नाही.

वजन वाचवण्यासाठी हलकी रायफल घ्यायची आणि तिच्यावर पाऊण किलोचा स्कोप चढवायचा, यात काही अर्थ नाही. .२२ चा धक्का नगण्य, पण सॅक खडकावर आपटते तेव्हा स्कोपच्या वजनाचा सगळा ताण त्या बारीक स्क्रूंवर येतो. अडीचशे-तीनशे ग्रॅमचा स्थिर चार पट स्कोप या कामाला भरपूर.

टेका कुठे ठेवला?

हे कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. साध्या १०/२२ मध्ये कुंदा एकसंध असतो. टेकडाउनमध्ये पुढचा भाग, म्हणजे फोरएंड, नळीबरोबर निघतो. वाळूची पिशवी फोरएंडच्या टोकाखाली ठेवली की रायफलीचं वजन सांध्याला तरफेसारखं वाकवतं, नळी रिसीव्हरच्या तुलनेत किंचित वर उचलली जाते आणि गोळ्या वर पडतात. रानात तीच रायफल सॅकवर, पण रिसीव्हरजवळ टेकवली की हा दाब जातो आणि त्याच झिरोवर गोळ्या खाली. फोरएंडला पट्टा लावून तो कोपरावर ताणला तर ओढ खाली लागते. परिणाम पुन्हा खालीच.

म्हणून रेंजवर झिरो करताना टेका सांध्याच्या रिंगच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा, बोटं फोरएंडभोवती सैल, आणि रानातही तसंच. फरक पाहायचा असेल तर एक ग्रुप टेका टोकाला ठेवून आणि एक सांध्याजवळ ठेवून झाडा. सांधा जितका सैल तितके हे दोन ग्रुप लांब पडतात, त्यामुळे सांध्याची ही आयती परीक्षाही होते.

काडतूस आणि थंडी

रेंजवर स्वस्त बल्क पॅक, रानात चांगलं काडतूस, आणि मग नेम सरकला म्हणून ओरड. ४० ग्रेन वजनाच्या गोळीचं १,०७० फूट प्रति सेकंदाचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी आणि १,२३५ फुटांचं हाय व्हेलॉसिटी एकाच नळीतून ५० यार्डांवर सेंटीमीटरभर किंवा त्याहून जास्त वेगळं पडतं, कधी बाजूलाही. ज्याने शिकार करायची त्यानेच झिरो. हंगामाआधी नळी साफ करून तशीच नेऊ नका. पंधरा गोळ्या झाडून मगच पॅक करा. गोठणबिंदूखाली वेग थोडा उतरतो, पण ५० यार्डांच्या आत त्याने पडणारा फरक सांध्याच्या दोषापुढे किरकोळ.

एवढं करूनही बसत नसेल तर

रिंग शेवटच्या टोकापर्यंत घट्ट केली तरी खडखड राहत असेल, तर झीज मर्यादेबाहेर गेली आहे. रायफल कारखान्याकडे पाठवा. पातळ पत्र्याचे शिम घालण्याची युक्ती सांगणारे भेटतील. ती नको, कारण शिम सरकतं आणि चेंबर-बोल्टचं अंतरही बदलतं.

खडखड नाही, तरी दोन-अडीच सेंटीमीटरची सरक उरतेच, अशी रायफल बिघडलेली नाही. या बनावटीत एवढं चालतं. तिथे स्वच्छ उपाय म्हणजे साइट नळीवर नेणं. नळीवरच रेल असलेली बदली नळी घेऊन तिच्यावर छोटा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साइट) बसवला की जोडणीचा प्रश्न मुळातच मिटतो, शिवाय स्कोपपेक्षा वजन दोनशे ग्रॅमने कमी होतं. किंवा सरळ लोखंडी साइट वापरा. ३० यार्डांच्या आत बसलेल्या ग्राउसला स्कोप लागतोच असं नाही.

मुक्कामावर पोचल्यावर तपासणीसाठी दहा काडतुसं वेगळी ठेवा. ५० यार्डांवर झिरो केलेली, स्कोप नळीच्या मध्यापासून चारेक सेंटीमीटर वर असलेली हाय व्हेलॉसिटी .२२ ही २५ यार्डांवरही जवळजवळ नेमाच्याच जागी मारते. फरक दोन-तीन मिलिमीटरचा. म्हणजे २५ यार्डांवर कागद लावून, मागे मातीचा उतार बघून, तीन गोळ्या पुरतात. तिथे दीड सेंटीमीटर चूक दिसली तर ५० वर तीन होणार. तेवढी दिसली तर नळी सोडा, सांधा पुसा, पुन्हा जोडा, पुन्हा तीन गोळ्या. दुसऱ्यांदाही तीच जागा आली तरच टरेट फिरवा, आणि किती क्लिक फिरवले ते टेपवर लिहून कुंद्याला चिकटवा.

इतर बनावटी

हेन्री एआर-७, मूळ आर्मालाइट कंपनीसाठी यूजीन स्टोनरने आखलेली, सुमारे १.६ किलोची आणि सगळी कुंद्याच्या पोटात मावणारी. हिची अडचण वेगळी: पुढची साइट नळीवर आणि मागची रिसीव्हरवर, म्हणून इथे लोखंडी साइटही सरकते. नळी हाताने आवळायच्या नटने बसते आणि गोळ्या झाडताना नट सुटत जातो. एकाच दिशेने सरकत जाणारा ग्रुप दिसला की आधी नट बघा. दर मॅगझिननंतर, म्हणजे आठ गोळ्यांनी, एकदा हाताने आवळायचा.

जॉन ब्राउनिंगची १९१४ पासूनची एसए-२२ हिलाही नळीवर समायोजनाची रिंग आहे, आणि स्कोपचा लांब माउंट नळीवरच बसवता येतो. तसा बसवला असेल तर झिरो सरकण्याचं कारण सांध्यात शोधू नका, माउंटच्या स्क्रूंत शोधा.

हरीण-एल्कसाठी ब्राउनिंग बीएलआर टेकडाउन घेणाऱ्यांची तक्रारही हीच असते, फक्त अंतरं मोठी. ५० यार्डांवर २ सेंटीमीटर वाटणारी सरक २०० यार्डांवर ८ होते. फुप्फुसावरच्या नेमाला तेवढी चालते, पण ती किती आहे हे पाच जोडण्यांनी मोजून ठेवलेलं हवं. या रायफलीला नळीवर बसणारा स्काउट माउंट मिळतो; त्यावर डोळ्यापासून लांब चालणारा स्कोपच लागतो, साधा स्कोप तिथे लावला तर चित्र टिकलीएवढं दिसतं.